दुपारची वस्ती

परभणीहून सकाळी नांदेडकडे निघणाऱ्या गाडीत पिंगळी येईपर्यंत बदल्यांचा विषय चालतो आणि मिरखेलच्या पुढे प्लॉटचा. कुणाची बदली पालमला झाली, कुणाची जिंतूरला अडकली, हे बोलून संपलं की कुणीतरी खिशातून छापील कागदाची घडी काढतं. तीस बाय पन्नास, पूर्वमुखी, एन.ए., लगेच रजिस्ट्री. मग डब्यात बसल्या बसल्या अर्धं शहर विकलं-घेतलं जातं. कारेगाव रोड महाग झाला, जिंतूर रोडला अजून जमतंय, वसमत रोडचं तर नावच काढू नका. शिक्षक, बँकेतले, कोर्टातले कारकून, एखादी नर्स. सगळ्यांच्या मांडीवर जेवणाचा डबा आणि डोक्यात प्लॉट. पूर्णेला गर्दी उतरते तोवर भाव ठरलेला असतो. घेणारा आणि विकणारा तेवढे ठरायचे बाकी.

माझी सगळी नोकरी या अपडाऊनमध्ये गेली. त्या गप्पांत स्क्वेअर फुटाचा भाव, रस्त्याची रुंदी, कर्जाचा हप्ता आणि स्टेशनापासूनचं अंतर या चार गोष्टी सुटल्याचं मला आठवत नाही. वस्तीचा विषय निघालाच तर एका वाक्यात आटपायचा, "चांगली वस्ती आहे, सगळे नोकरदार आहेत." सगळे नोकरदार असलेली ही वस्ती दुपारी दोन वाजता कशी असते, हे मात्र डब्यातल्या कुणालाच सांगता आलं नसतं. त्या वेळी आम्ही सगळे दुसऱ्या गावात असायचो.

परभणी हे काही मुंबईच्या अर्थानं उपनगर नाही. इथून कुणी लोकलला लटकून जात नाही. पण जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत नोकरी आणि परभणीत घर, ही इथल्या मध्यमवर्गाची ठरलेली मांडणी आहे. नेमणूक सोनपेठच्या शाळेत, मुलं परभणीच्या शिकवणीला. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे, म्हणून माणूस कागदावर खेड्यात राहतो आणि रोज संध्याकाळी शहरात उतरतो. निजामाच्या राज्यात, विसावं शतक उजाडता उजाडता मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाईन या मुलखातून गेली आणि परभणी, पूर्णा ही नावं वेळापत्रकात आली. शतक संपता संपता ती रुंद झाली. परभणी ते मुदखेड दुहेरी मार्ग झाला, आणि 2025 मध्ये परभणी ते छत्रपती संभाजीनगर या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणालाही केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. अशी बातमी आली की रुळाजवळच्या शेताचा मालक बांधावर उभं राहून दूरवर बघायला लागतो. पुढच्या हंगामात तिथं कापूस नसतो, चुन्याच्या रेघा असतात.

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण इथं सगळ्यांना पाठ आहे. तिचा अर्थ जो तो आपल्यापुरता लावतो. पुण्या-मुंबईत जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. त्यावर उतारा म्हणून "जगात जर्मनी, भारतात परभणी" हेही आम्हीच म्हणतो, छाती काढून. या दोन्हींच्या मधे कुठंतरी आमची घरं उभी आहेत. कुणी गंगाखेडच्या बाजूचं, कुणी सेलूचं, कुणी 1999 मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला तरी परभणी न सोडलेलं. गाव सुटलेल्या या माणसांनी शेजार शोधत यावं आणि शेजारच्या घरावर "विकणे आहे" अशी पाटी वाचावी, असं या नव्या कॉलन्यांचं एकंदर रूप.

घर कुठं घ्यावं, हा प्रश्न गावाला पडत नव्हता, कारण घर घेण्याआधी जागा पारखण्याचं काम पूर्वजांनी करून ठेवलेलं असायचं. जुन्या गावाच्या दोन जमिनी असत. राहायची ती पांढरी, पिकवायची ती काळी. गाव बसवताना उंचवटा बघायचे, नदीच्या पुराची रेघ कुठवर येते ते बघायचे आणि त्याच्या वर घरं घालायचे. पांढरीची माती माळवदावर पसरली की पाणी झिरपत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. काळीवर घर घालावं, असं कुणाच्या मनातही यायचं नाही. ती पोटासाठी होती. आता आमची जवळजवळ प्रत्येक नवी कॉलनी काळीवर उभी आहे. परभणीची ही माती कापसाला आणि ज्वारीला सोन्यासारखी. पण ओली झाली की फुगते आणि वाळली की फाटते. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या थरांत पाणी शिरतं, थर एकमेकांपासून दूर सरकतात, उन्हाळ्यात पाणी निघून जातं आणि जमीन आकसते. वर बांधलेल्या भिंतीला हे दरवर्षी सोसावं लागतं. त्यामुळं पाया काळी ओलांडून खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. माती फारच खोल असेल तर खालच्या टोकाला फुगवटा ठेवलेले काँक्रीटचे खांब उतरवायचे, ही रीत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं देशाला दिली. आमच्याकडचे गवंडी संस्थेचं नाव घेत नाहीत. ते एवढंच म्हणतात, "मॅडम, मुरूम लागेपर्यंत खांदू, मग बोलू."

आमचा प्लॉट बघायला सासूबाई सोबत आल्या. तो दिवस भर मे महिन्यातला होता. दलालानं वेळ संध्याकाळची सांगितली होती, ऊन उतरल्यावर. सासूबाईंनी ती बदलली. "दुपारचं बघू. संध्याकाळी सगळंच बरं दिसतंय." गोदाकाठच्या गावातून आलेली बाई, छत्री काठीसारखी टेकत जिंतूर रोडकडच्या त्या लेआऊटमध्ये शिरली. दलाल माझ्याशी बोलत होता, त्यांच्याशी नाही. बगिचा इथं होणार, मंदिर तिथं होणार, हा साठ फुटी रस्ता. सासूबाईंनी छत्रीचं टोक जमिनीतल्या भेगेत घातलं. हातभर आत गेलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग कोपऱ्यावर गेल्या. चारी बाजूंनी करपलेल्या त्या माळावर एवढ्या एकाच जागी बेशरमीची झुडपं हिरवीगार उभी होती, वर तिची जांभळट फुलं.

"इथं पाणी थांबतंय," त्या म्हणाल्या.

"आजी, भर टाकून देऊ की. दोन हायवा मुरूम टाकला की विषय संपला."

"माझा संपंल. मग पाणी कुठं जाईल?"

दलालानं पलीकडच्या प्लॉटकडं बघितलं.

"त्याच्या दारात जाईल. मग तो माझ्याशी बोलंल का?"

शेजार म्हणजे काय, यावर मी पुष्कळ वाचलंय. पण पाण्याचा उतार आणि बोलणं या दोन गोष्टी एका वाक्यात कुणी आणून ठेवल्या असतील, तर त्या बाईनं. नव्या कॉलन्यांतली निम्मी भांडणं खरोखर याच कारणानं होतात. एकजण जोतं तीन फूट वर घेतो, पुढचा त्याच्यावर मात करून चार फूट घेतो, आणि आधी घर बांधलेला बिचारा पहिल्या मोठ्या पावसात खड्ड्यात जातो. पिंगळगड नाल्याला पूर आला की सखल वस्त्यांचे फोटो पेपरात येतात; पण ज्या वस्त्यांचे फोटो येत नाहीत, तिथंही दोन भिंतींच्या मधे घोटाभर पाणी आणि तोंडभर अबोला साचलेला असतो. तेव्हा जागा दोन वेळा बघावी, एकदा भेगा पडल्यावर आणि एकदा झड लागल्यावर. पावसात बघायला जमलं नाही, तर शेजारच्या घराच्या कंपाउंडवरची ओलीची रेघ वाचावी. ती खोटं बोलत नाही.

त्या दिवशी सासूबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. सरळ जवळच्या घराच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि पाणी मागितलं. दलाल गाडीतून बाटली घेऊन धावत आला, तिच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. घरातली बाई तांब्या घेऊन आली, पदरानं पुसलेला. एक घोट घेऊन सासूबाईंनी विचारलं, "हे बोअरचं नाही ना?"

"नाही मावशी, जारचं. बोअरचं पित नाहीत इथं. भांड्याला पांढरं बसतंय."

"अन् नळ?"

"येतोय की. कधी आठव्या दिवशी, कधी बाराव्या. टाईम नाही काही. परवा रात्री दोनला सुटला, त्याच्या आधी भर दुपारी."

"मग दुपारी घरी नसणाऱ्यानं काय करायचं?"

त्या बाईनं गल्लीच्या टोकाकडं बोट दाखवलं. तिथल्या मॅडम नांदेडला नोकरीला आहेत, त्यांची टाकी तीच भरते, गेटची चावी तिच्याकडं असते. पलीकडचे सर पाथरीला, त्यांची मोटर समोरच्या आजोबांकडं. नळ सुटला की ज्याला आधी कळेल त्यानं सगळ्यांना हाक मारायची. हे तिनं मोठेपणा म्हणून नाही सांगितलं. दूधवाला किती वाजता येतो ते सांगावं तितक्या सहज सांगितलं.

परतताना सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, घे इथं. कोपऱ्यावरचा नको, मधला घे." दलाल त्यांच्या हिशेबात आलाच नाही. साठ फुटी रस्ता मोजायला गेलो तेव्हा तो चाळीसचा निघाला, तरी त्यांचं मत बदललं नाही. हाक ऐकू येण्याइतका रस्ता त्यांना पुरेसा होता.

परभणीच्या पाण्याची गोष्ट मोठी आहे. पूर्णा नदीवरच्या राहटीच्या बंधाऱ्यातून शहरानं वर्षानुवर्षं पाणी उपसलं, मग थेट येलदरी धरणातून नवी योजना आली. कुठं नळ नियमित झाला, कुठं जुनीच रडकथा. पण ज्या वर्षांत पाणी दिवस मोजून यायचं, त्या वर्षांत त्यानं वस्त्या घडवल्या, हे मला मान्य करावं लागतं. टंचाई चांगली होती, असं मी म्हणणार नाही. निळे ड्रम, रात्रीची जागरणं आणि टँकरपुढची भांडणं मी विसरलेली नाही. तरी, घरी असलेल्या माणसाशिवाय घर चालत नाही, ही गोष्ट आम्हा अपडाऊनवाल्यांना त्या नळानं शिकवली. आम्ही सकाळी गाडी पकडायचो तेव्हा टाकी रिकामी असायची. रात्री घरी यायचो तेव्हा भरलेली असायची. मधल्या बारा तासांत आमचं घर कुणीतरी दुसरंच चालवत होतं.

म्हणून मला वाटतं, वस्ती निवडण्याचा हक्क ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याचा नाही, ज्याला तिथं दिवस काढायचा आहे त्याचा आहे. घेणारा असतो नोकरदार. त्याचा विचार स्टेशनापाशी सुरू होतो आणि हप्त्यापाशी संपतो. स्टेशन पंधरा मिनिटांवर, म्हणजे झोप वीस मिनिटं जास्त. हा हिशेब चुकीचा नाही, पण तो जाणाऱ्याचा हिशेब आहे. मागं राहतात त्यांचा हिशेब वेगळा. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मेडिकलपर्यंत सावलीतून जाता येतं का? शाळेतून साडेबाराला सुटलेलं पोर घर बंद असेल तर कुणाच्या दारात बसेल? गिरणी किती दूर आहे? रुळापलीकडं घर असेल तर गेट पडल्यावर रिक्षा किती वेळ अडकते? दुपारी गल्लीत सायकलचा पंक्चरवाला, शिलाई मशीनवाली, इस्त्रीचं टेबल यातलं काही जागं आहे का? एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत दुपारी एकपासून पाचपर्यंत आमच्या कॉलन्यांतली एकेक गल्ली कुलपासारखी बंद होते. त्या वेळी जी गल्ली अर्धी तरी उघडी असते, तिथं घर घ्यावं.

हेच गणित दूरच्या एका बाईनं फार पूर्वी नीट मांडून ठेवलंय. जेन जेकब्ज न्यूयॉर्कमध्ये राहायची आणि 1961 मध्ये तिनं अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या जगण्या-मरण्यावर पुस्तक लिहिलं. नगररचनाकार नकाशावर हिरवे पट्टे आणि रुंद रस्ते काढत होते, आणि ही बाई आपल्या रस्त्यावरच्या दुकानदारांबद्दल लिहीत होती. तिच्या भागातले लोक पाहुण्यासाठी घराची किल्ली कोपऱ्यावरच्या खाण्याच्या दुकानात ठेवून जात. दुकानदार किल्ली देई, पण पाहुणा कोण याची चौकशी करत नसे. रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची, खिडकीत बसलेल्यांची, गल्ल्यावरच्या माणसाची नजर असते म्हणून रस्ता सुरक्षित असतो, हे तिचं म्हणणं पुढं जगभर गाजलं. मी ते वाचलं तेव्हा मला आमचा किराणावाला आठवला. त्याच्या बरणीमागच्या खिळ्यावर चार घरांच्या किल्ल्या असत, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. निळा आमचा.

आता त्या वाक्याकडं येते, "चांगली वस्ती आहे." हे वाक्य आपण ज्या अर्थानं बोलतो तो अर्थ मोठ्यानं सांगत नाही. त्या दलालानंही शेवटी आवाज खाली आणून सांगितलंच, "इकडं सगळे आपलेच लोक आहेत, मॅडम." सासूबाईंना कमी ऐकू यायचं, पण नको ते बरोबर ऐकू यायचं. "आपले म्हणजे कोणाचे?" त्यांनी विचारलं. तो हसला. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या माहेरी सख्ख्या भावकीत बांधावरून जुनी केस चालली होती. तारखेला दोन्ही घरं एकाच एस.टी.नं जायची आणि एकमेकांकडं पाठ करून बसायची. एका आडनावानं काय होतं, हे त्यांना दलालाकडून शिकायचं नव्हतं.

हा प्रश्न एका दलालाचा नाही. परभणीत 2 फेब्रुवारीला सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस सुरू झाला की सगळं शहर तिकडं लोटतं. मिठाई, पाळणे, धुळीत हरवलेली पोरं, यात कुणाचं आडनाव कुणी विचारत नाही. जत्रेपुरता तो शेजार आम्हाला चालतो. घर भाड्यानं द्यायचं म्हटलं की मात्र पहिला प्रश्न आडनावाचा येतो आणि दुसरा जेवणाचा. नोकरी पक्की, डिपॉझिट रोख, तरी आडनावावरून नकार मिळालेली माणसं आमच्याच डब्यात बसायची. गप्पा प्लॉटवर आल्या की ती खिडकीबाहेर बघायची. मला त्यांच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ हळूहळू कळला. आम्ही ज्याला चांगली वस्ती म्हणत होतो, तिची चांगली असण्याची अट त्यांना बाहेर ठेवणं ही होती.

आणि गंमत अशी की, चाळण लावून भरलेली ही वस्ती दुपारी सगळ्यात निरुपयोगी असते. सगळे एकाच वेळी ऑफिसला, एकाच वेळी परत. तिथं चप्पल शिवणारा नाही, बोअरची मोटर उतरवणारा नाही, सुईण नाही, ड्रायव्हर नाही, रात्री उघडणारं दुकान नाही. शहराच्या जुन्या भागात, नानलपेठेकडं किंवा गुजरी बाजाराच्या आसपास, हे सगळं हाकेच्या अंतरावर होतं. चारचाकी आत शिरत नाही म्हणून आपण ते सोडून आलो. सोडायला हरकत नाही. पण चारचाकीला रस्ता मिळाला आणि माणसाला माणूस मिळाला नाही, तर सौदा महागात पडला म्हणायचं.

कागदाचंही बघावंच लागतं, आणि कागदही शेवटी शेजाराबद्दलच बोलतात. गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, तेहतीस बाय तेहतीसचा तुकडा. शेत असं गुंठ्या-गुंठ्यानं विकलं की नकाशा मंजूर नसतो, रस्ता बारा फुटांचा राहतो, गटाराला जागा नसते आणि मोकळं मैदान तर नसतंच. बाँडवर सही झाली, पैसे गेले, घरही उभं राहिलं. अशा वस्त्या नियमित करायला राज्यानं 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा केला आणि 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. कायद्यानं कागद सरळ होतो. बारा फुटांचा रस्ता बाराचाच राहतो. अँब्युलन्स आत शिरली तर उलटी काढावी लागते. मंजूर लेआऊटमध्ये सुमारे दहा टक्के जागा खुली ठेवायची असते. ती नुसती नकाशावर बघू नये, तिथं जाऊन उभं राहावं. तिच्यावर कुणाची वाळू पडली आहे, कुणाचा पत्र्याचा शेड आला आहे, की पोरांनी विटांचे स्टंप लावले आहेत, त्यावरून त्या कॉलनीतल्या माणसांची एकमेकांवर किती सत्ता चालते ते कळतं.

सातबारा, फेरफार, एन.ए.चा आदेश हे वकील तपासतो. खरेदीखतातला एक मजकूर मात्र घेणाऱ्यानं स्वतः वाचावा. तिथं चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमुक नंबरचा प्लॉट, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस अमुक, उत्तरेस तमुक. आपलं घर कुठं आहे हे कायद्यालासुद्धा शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय सांगता येत नाही. आम्ही सही करताना सासूबाईंनी त्या चार सीमा वाचून दाखवायला लावल्या. नंतर त्या चारही बाजूंना स्वतः जाऊन आल्या. दोन बाजूंना माणसं होती, एका बाजूला रस्ता आणि एका बाजूला तूर.

आमच्या डब्यात एक सर होते. पूर्णेपुढच्या एका शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी गाडीतल्या जुन्या मित्रांना फोन करून ही हकिकत सांगितली. ते सकाळी अकराच्या सुमारास आपल्याच गेटसमोर उभे होते. पलीकडून एक बाई आली आणि अदबीनं विचारती झाली, "काका, कोणाकडं आलात?" त्यांनी सांगितलं, हे माझंच घर आहे. तिला खरं वाटेना. "हे तर काकूंचं घर," ती म्हणाली. सर हसत हसत सांगत होते, आणि फोनवर ऐकणारे आम्हीही हसलो. हसू ओसरल्यावर आमच्यातल्या एकानं हळूच विचारलं, "आपल्याला तरी ओळखतात का हो?" मिरखेल गेलं तरी त्या दिवशी प्लॉटचा विषय निघाला नाही.

त्या बाईचं चुकलं नव्हतं. घर काकूंचंच होतं. सरांनी घेतलं होतं, काकूंनी वसवलं होतं. त्या घरातून वाटीभर डाळ किती वेळा बाहेर गेली आणि साखर होऊन परत आली, कुणाच्या बाळंतपणात तिथला गॅस रात्रभर चालू राहिला, हे सरांच्या पासबुकात कुठंच नव्हतं. वस्ती तयार मिळत नाही, विकतही मिळत नाही. ती घरी असणारी माणसं दुपारी बसून तयार करतात, आणि संध्याकाळी परत येणारा तिच्यात आयता राहतो. निदान एवढं तरी त्यानं करावं, की वस्ती बनू शकेल अशा जागी त्यांना नेऊन सोडावं.

आता माझं अपडाऊन संपलंय. गाडीतली पुढची पिढी अजून फोन करते, "ताई, पाथरी रोडला एक बघितलंय, येता का बघायला? रविवारी जाऊ." मी रविवारी जात नाही. रविवारी सगळे घरी असतात, सगळ्यांची अंगणं झाडलेली असतात, दलालही आंघोळ करून आलेला असतो. मी त्यांना सांगते, एक रजा टाका. कामाच्या दिवशी जाऊ, मंगळवारी म्हणा, दुपारी दोनला. तुमच्या आईला बरोबर घ्या, नाही तर बायकोला, नाही तर जे कोणी घरी राहणार असेल त्याला. तिथं कुणाच्या तरी पायरीवर बसून पाणी मागा. ज्यांना तिथं दिवस काढायचाय त्यांनी तोंड वाकडं केलं, तर भाव कितीही उतरला तरी उठून या. त्यांनी हो म्हटलं, तर मग भावावर बोलू. रजेचा एक दिवस हा या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक नोकरदारांनी तोच वाचवलाय.